दारू आणि बायपोलर दोन्ही आहेत, एक दवाखाना दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दादाला कुठे दाखवू?

माहेरवाशीण_कराड

नमस्कार मंडळी. मी चिंचवडला असते, माहेर कराडजवळच्या गावात. प्रश्न माझ्या थोरल्या भावाचा आहे. वय ४१, साखर कारखान्यात फिटर, बॉयलर हाऊसला. घरी आई, वहिनी आणि आठवीतली भाची.

दादाचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. एका गळीत हंगामात त्याला लागोपाठ रात्रपाळ्या लागल्या आणि त्याची झोपच उडाली. रात्रभर बोलायचा. शेततळं काढणार, पोल्ट्री टाकणार, कारखान्याच्या चेअरमनला भेटून नवीन टर्बाइनची योजना देणार. आईचं सोनं गहाण टाकून आला आणि निम्मे पैसे तालमीला देऊन टाकले. मिरजेला दाखवलं, तिथे बायपोलर म्हणून निदान झालं, म्हणजे कधी मन अशा टोकाच्या तेजीत तर कधी टोकाच्या उदासीत जातं तो आजार. मूड सांभाळणारी लिथियमची गोळी सुरू झाली आणि खरं सांगते, गोळ्या नियमित होत्या तोवर माणूस सोन्यासारखा होता. भाचीला सायकल शिकवली ती त्याच काळात.

दारू आधी हंगाम संपला की मित्रांबरोबर असायची. मग रोजची झाली. आता सकाळी उठल्यावर हात इतके थरथरतात की अर्धी क्वार्टर पोटात गेल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. नाव लिहीत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी लिथियम बंद केलं. "इथे कुठलीच गोळी चालत नाही, गोळी हीपण नशाच," असं म्हणाले. घरी आला तेव्हा दारूचा वास नव्हता, पण थोड्याच दिवसांत झोप गेली, डोळ्यांत ती जुनी चमक आली, आणि त्या तेजीतच पुन्हा बाटली आली. नंतर एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. ते म्हणाले, आधी दारू सोडवून आणा, मग औषधाचं बघू. दुसऱ्या केंद्राला फोन केला तर म्हणाले, मानसिक पेशंट आम्ही घेत नाही. म्हणजे दारूवाले म्हणतात मन बरं करून आणा आणि मनाचे डॉक्टर म्हणतात दारू सोडवून आणा. मधल्या मध्ये माझा भाऊ.

आत्ता तो उदास आहे. रजा टाकून घरी आहे, अंथरुणातून उठत नाही. "माझ्यामुळे सगळ्यांनाच त्रास," असं वहिनीला म्हणाला. वहिनीने जाहिरात बघून एक पावडर मागवलीय, चहातून नकळत द्यायची. मामा म्हणतात, आषाढीला माळ घालू, आपोआप सुटेल. शेजारच्यांनी एका केंद्राचा नंबर दिलाय, ते गाडी घेऊन येतात आणि चौघं मिळून उचलून नेतात.

मला कळत नाही यातलं काय करू. दोन्ही आजार एकत्र बघणारे डॉक्टर असतात का? त्याच्या मनाविरुद्ध ठेवता येतं का? ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी कृपया सांगा.

पंचगंगा_घाट

ताई, तुमच्या दादाच्या जागी मी होतो. मला बायपोलर नाही, डिप्रेशन आहे, पण दारू तशीच होती, सकाळच्या थरथरीसकट. आज अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपापसातला गट) मीटिंगला जातो आणि डिप्रेशनची गोळीही घेतो. दोन्ही चालू आहे. दोन्हींतलं एक काढलं असतं तर मी हे लिहायला नसतो.

"गोळी म्हणजे नशा" हे मलाही सांगितलं गेलंय. मीटिंगमधल्याच एका जुन्या सभासदाने प्रेमाने सांगितलं होतं. पण एए या संस्थेची स्वतःची भूमिका तशी नाही. कुठल्याही सभासदाने डॉक्टर होऊ नये, कुणाला औषध बंद करायला सांगू नये, असं एए स्वतःच म्हणते. आमच्या ग्रुपला मी हे दाखवलं. आता नवीन माणूस आला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, बाबा, आधीपासून कुठली गोळी चालू आहे का? असेल तर ती चालूच ठेव.

केंद्रं सगळी सारखी नसतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. तिथल्या घरच्या बायकांच्या 'सहचरी' गटाचं मी खूप ऐकलंय. वहिनींना तसलं काही मिळालं पाहिजे. आपल्याकडे सगळे पेशंटलाच विचारतात, बायको रात्री झोपते का हे कुणी विचारत नाही. मात्र भरती करायच्या आधी फोनवर स्पष्ट विचारा: बायपोलर आहे, लिथियम चालू राहील का, मानसोपचारतज्ज्ञ रोज बघतात की आठवड्यातून एकदा येऊन जातात?

बाकी औषधाचं जाणकार सांगतील. माझं म्हणणं एवढंच, दादाला "तू दारुडा" असं ऐकवू नका. त्याला आधीच वाटतंय तो ओझं आहे.

सिस्टर_निवृत्त

ताई, मी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात परिचारिका होते, नोकरीचा बहुतेक काळ त्याच वॉर्डात गेला. हे वाचून झालं की आधी वहिनींना फोन करा. ती पावडर द्यायची नाही. आणि दादांची दारू घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. कारणं खाली सांगते, त्याआधी त्याहून तातडीचं.

"माझ्यामुळे त्रास" हे वाक्य साधं नाही. बायपोलरच्या उदासीत दारू मिसळली की माणूस जीव द्यायच्या जवळ लवकर जातो. त्यांना सरळ विचारा, "दादा, मरून जावं असं वाटतं का? काही ठरवलंयस का?" विचारल्याने तो विचार त्यांच्या डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आमच्या वॉर्डात कितीतरी जण म्हणायचे, एवढं कुणी विचारलंच नव्हतं. घरात फवारणीचं औषध असेल तर आजच बाहेर काढा, दुसऱ्याच्या घरी कुलपात. लिथियमच्या जुन्या पट्ट्या शिल्लक असतील तर त्याही वहिनींच्या ताब्यात. लिथियम जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर १४४१६ ला फोन करा. टेली-मानस म्हणतात, चोवीस तास असतं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. "हो, ठरवलंय" असं उत्तर आलं तर फोनवर थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या आणि तोवर त्यांना एकटं सोडू नका.

आता पावडर. त्यात काय आहे हे कळायला मार्ग नाही. डॉक्टर देतात ती डायसल्फिराम नावाची गोळी जरी असली, तरी ती चोरून देण्याची वस्तू नव्हे. ती पोटात असताना दारू गेली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. हृदय कमजोर असेल तर माणूस जागेवर जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्यावर, हृदय आणि लिव्हर तपासून, पेशंटला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन ती सुरू करतात. बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला भ्रम-भास होण्याची शक्यता आहे त्याला तर डॉक्टर फार जपून देतात. आणि चहात काही मिसळलं हे कळलं की तो माणूस वहिनींच्या हातचं पाणीही घेणार नाही. पुढची सगळी औषधं त्यांच्याच हातून जायची आहेत.

दारू एकदम का बंद करायची नाही? ज्याला सकाळी प्यायल्याशिवाय कप धरता येत नाही त्याचं शरीर दारूवर चाललेलं असतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, घालमेल सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना वात होतो. ताप, नाडी जोरात, आपण कुठे आहोत कळत नाही, चादरीवरचे नसलेले किडे वेचत बसतात, खोलीत नसलेल्या माणसाशी बोलतात. गावात याला बाहेरचं लागलं म्हणतात आणि देवऋषी बोलावतात. त्या वेळात माणूस दगावतो. हे सगळं टाळता येतं. रुग्णालयात लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड देतात, डोस रोज कमी करत साधारण आठवडा-दहा दिवसांत थांबवतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम बरं. पण या गोळ्या दवाखान्यातच संपल्या पाहिजेत. घरी "झोपेची" म्हणून महिनोन्महिने चालू राहिल्या तर दुसरं व्यसन लागतं.

आणखी एक, जे मला फार वेळा बघावं लागलं. अशक्तपणा आला म्हणून गावातच कुणीतरी ग्लुकोजची बाटली लावतो. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, उरलेलं नसतं. थायमिन न देता साखर चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळे फिरतात, चाल अडखळते, आणि काहींची आठवण कायमची जाते. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग बाटली. कुणीही सलाईन लावायला आलं तर वहिनींनी हा एक प्रश्न विचारायचाच.

"आधी दारू सोडा, मग मनाचं बघू" हे कुठे बरोबर असतं आणि कुठे चूक, तेही सांगते, कारण डॉक्टर दरवेळी टाळाटाळच करतात असं नाही. एखादा माणूस पंधरा वर्षं पितोय, आधी कधी मनाचा आजार नव्हता, आणि आता उदास आहे. तिथे दारू सुटल्यावर दोन ते चार आठवडे थांबून बघतात. बऱ्याच जणांची उदासी दारूचीच असते आणि ती दारूबरोबर उतरते. पण तुमच्या दादांचं तसं नाही. त्यांचा आजार दारूच्या आधीचा आहे, निदान झालेलं आहे, लिथियमने ते बरे राहिले होते. त्यांच्या बाबतीत थांबायचं कारणच नाही. मूड सांभाळणारं औषध आणि दारू उतरवणं एकाच वेळी, एकाच केसपेपरवर झालं पाहिजे. एकाला दुसऱ्याची वाट बघायला लावली की दोन्ही परत येतात. तुमच्या घरी नेमकं तेच झालं.

म्हणून पहिली भरती व्यसनमुक्ती केंद्रात नको, सामान्य रुग्णालयाच्या मनोविकार विभागात हवी, जिथे फिट आली तर फिजिशियन मजल्यावर आहे, रक्त तपासता येतं. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात हा विभाग असतो. तुम्हाला मिरज आहे, कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, कराडमध्येही वैद्यकीय महाविद्यालय आहे. मिरजेला जुनी फाईल असेल तर मी तिथूनच सुरुवात करीन. शरीर शांत झाल्यावर आणि लिथियम बसल्यावर मग केंद्र, गट, समुपदेशन. तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट देतात, लिव्हर बिघडलेलं असेल तर बॅक्लोफेनचा विचार करतात. अकॅम्प्रोसेट आणि लिथियम दोन्ही मूत्रपिंडातून बाहेर पडतात, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघितल्याशिवाय सुरू करू नये. उदासीसाठी कुणी नुसतीच डिप्रेशनची गोळी लिहून दिली तर "यांना बायपोलर आहे" हे पुन्हा सांगा. एकटी दिली तर ती माणसाला तेजीत फेकू शकते.

इंद्रायणीकाठ

मामांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. माझ्या चुलत्यांची दारू माळेनेच सुटली. घरचे, डॉक्टर, पंचायत, कुणाचं ऐकलं नाही, पण फडावरच्या महाराजांनी गळ्यात माळ घातली त्या दिवसापासून बाटलीला हात लावला नाही. संध्याकाळी जायला हरिपाठ मिळाला, चार चांगली माणसं मिळाली. गावात दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळी सहा वाजता कुठे जायचं हाच मोठा प्रश्न असतो. मला वाटतं श्रद्धेला कमी लेखू नये.

सिस्टर_निवृत्त

माउली, कमी लेखत नाही. माझ्या माहेरी वारी आहे. संध्याकाळी सहाचा प्रश्न तुम्ही बरोबर पकडलात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याचं उत्तर नसतं. माळ जरूर घालावी. पण दादा जर लिथियमवर असतील तर वारीआधी दोन गोष्टी घरच्यांना माहीत हव्यात, त्या कुणी सांगत नाही म्हणून लांबण लावते.

लिथियमची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी असतं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात, १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की तीच गोळी रक्तात साठत जाते. निर्जळी एकादशी, उन्हातली चाल, जुलाब, आणि बॉयलर हाऊसचा घाम, सगळ्यांनी हेच होतं. त्यात वारीत गुडघे दुखले की प्रत्येकाच्या पिशवीत डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतं. त्या गोळ्या लिथियम अंगातून बाहेर जाऊ देत नाहीत. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.

आणि विषबाधा दिसते कशी? पाय अडखळतात, जीभ जड होते, हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, गुंगी येते. म्हणजे थेट प्यायलेल्या माणसासारखी! दादा दिंडीत असे झाले तर सगळे म्हणतील, बघा, माळ घालूनही प्यायला. कुणी झोपवून ठेवेल, कुणी ओरडेल. त्या वेळी तोंडाला दारूचा वास नसेल तर गोळी थांबवून ताबडतोब दवाखान्यात न्यायचं, लिथियमची पातळी बघायला सांगायची. आमच्याकडे असे पेशंट "दारू पिऊन पडला" म्हणून आलेले आहेत.

यंदाची आषाढी जवळ आहे, औषध आत्ता कुठे सुरू व्हायचंय. यंदा माळ घरी घाला, चालायचं पुढच्या वर्षी डॉक्टरांना विचारून ठरवा.

मांडवी_पार

मी गोव्याची, म्हापशाजवळ राहते. इथे 'संगाथ' या संस्थेने आरोग्य केंद्रांत एक पद्धत वापरून बघितली होती, जास्त दारू पिणाऱ्या पुरुषांशी प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक थोड्याच बैठका करायचे. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. त्याचे चांगले निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. डिप्रेशनसाठीही त्यांनी तसंच केलं होतं. मग मोठं रुग्णालय, भरती, एवढं सगळं लागतंच का? माणूस घाबरून जातो.

सिस्टर_निवृत्त

ताई, तो अभ्यास मला माहीत आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे गावोगाव मानसोपचारतज्ज्ञ कधीच पुरणार नाहीत. २०१९ चा केंद्र सरकारचा व्यसनांचा अहवाल आहे, एम्सने केलेला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकालाच कुठलीतरी मदत मिळते, आणि भरती होऊन उपचार १८० मध्ये एकाला. हे वाचल्यावर तुमच्यासारखी पद्धत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हवी असंच वाटतं.

पण ती ज्यांचं पिणं हाताबाहेर जायला लागलंय त्यांच्यासाठी. दादांची सकाळची थरथर, आधीचं बायपोलर आणि आत्ताची उदासी, हे तिघं एकत्र आहेत. त्यांना सुरुवात रुग्णालयातच हवी. दादांसारखाच कुणी कारखान्यातला मित्र असेल, ज्याची अजून रोजची झालेली नाही, त्याला मात्र आत्ताच असं कुणीतरी भेटायला हवं.

माहेरवाशीण_कराड

सगळ्यांचे आभार. पावडर वहिनीने टाकून दिली. फवारणीचं औषध मामांच्या वस्तीवर नेऊन ठेवलं. काल फोनवर दादाला सिस्टरांनी सांगितलं तसं सरळ विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "विचार येतो, पण पोरीकडे बघून थांबतो." मी रडले, तोपण रडला. रात्री वहिनी त्याच्या खोलीतच झोपते, आणि १४४१६ ला आम्ही दोघींनी फोन करून सगळं सांगितलंय. तेही म्हणाले, लवकरात लवकर भरती करा.

तो मिरजेला यायला अर्धा तयार आहे. अर्धा नाही, कारण त्याला वाटतं पुन्हा त्या केंद्रासारखं कोंडतील. तिथे त्याला एका मुलाला पलंगाला साखळीने बांधलेलं दिसलं होतं, ते तो विसरत नाही. ऐन वेळी नाही म्हणाला तर काय? ते उचलून नेणारे बोलवायचे का?

कोर्टाची_पायरी

मी वकील आहे, वैद्यकीय बोलणार नाही. उचलून नेणारे बोलवू नका.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित अवस्था येतात. त्यामुळे दारूसाठी माणसांना भरती करून ठेवणाऱ्या केंद्रालाही त्या कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणावं, काचकूच केली तर दुसरीकडे बघा. कुणालाही कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला कलम ९५ ने बंदी आहे. दादांनी जे बघितलं तो गुन्हा होता, हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा. त्यांची भीती खरी आहे असं घरच्यांनी मान्य केलं की माणूस निम्मा सैल होतो.

मनाविरुद्ध भरतीची वाट कायद्यात आहे, पण अरुंद आहे. कलम ८९. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलणारं माणूस, इथे बहुधा वहिनी, अर्ज करतात. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरे एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा अलीकडचा धोका, किंवा स्वतःची काळजीही घेता येत नाही अशी अवस्था, आणि त्याहून सौम्य उपायाने भागत नाही, असं दोघांनाही वाटलं पाहिजे. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, त्यापुढे वेगळी प्रक्रिया. पेशंटला या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. "विचार येतो" हे जे दादा म्हणाले ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, ते या निर्णयात महत्त्वाचं आहे.

पण स्वतःहून भरती होणं केव्हाही चांगलं, आणि तोच पेशंटचा हक्कही आहे. दादांना सांगा की आधीच लिहून ठेवता येतं. कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. कायद्यात त्याला आगाऊ निर्देश म्हणतात, कलम ५. ते नोंदवायची रीत आहे, सवडीने करू. पण भरतीच्या आधी घरी कागदावर नुसतं लिहायला बसलात तरी त्यांना कळेल की यावेळी त्यांना विचारून चाललंय.

कारखान्याचा किंवा घरचा आरोग्य विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं असं कलम २१ म्हणतं, पण बऱ्याच पॉलिसींत दारूच्या उपचाराला वगळणारं कलम असतं. भरतीच्या कागदावर बायपोलरचं निदान स्पष्ट लिहिलेलं असणं म्हणूनही गरजेचं आहे.

पंचगंगा_घाट

दादांना माझ्याशी बोलायचं असेल तर मला इथे निरोप पाठवा. मिरजेला येऊन भेटेनही. जो स्वतः त्या वॉर्डात झोपलाय त्याच्याकडून ऐकलं की भीती कमी होते, माझी तशीच झाली होती.

माहेरवाशीण_कराड

दादा तुमच्याशी बोलायला तयार आहे, निरोप पाठवते. आगाऊ निर्देशाचं सांगितलं तर स्वतः वही घेऊन बसला. पहिलं वाक्य लिहिलं, "माझं लिथियम मला न विचारता बंद करू नये." उद्या सकाळी निघतोय. मामा गाडी घेऊन येतायत. सोबत काय न्यायचं?

सिस्टर_निवृत्त

मिरजेची जुनी फाईल, नसेल तर जुना केसपेपर नंबर. त्या केंद्राचा डिस्चार्ज कागद. घरात असतील त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा. लिथियमची शेवटची रक्ततपासणी. नव्याने पातळी बघतील तेव्हा शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घेतात हे लक्षात ठेवा. क्रिएटिनिन, सोडियम, लिव्हर, थायरॉइड, साखर, ईसीजी हे करतीलच, नाही केलं तर विचारा.

आज रात्री वहिनींबरोबर बसून एक कागद करा. वर वर्षं लिहा, खाली कुठल्या हंगामात रात्रपाळी होती, झोप कधी गेली, दारू कधी वाढली, लिथियम कधी थांबलं. डॉक्टरांना ओपीडीच्या गर्दीत तुमची सगळी कहाणी ऐकायला वेळ नसेल, हा कागद मात्र ते वाचतील आणि फाईलला लावतील. शेवटचं कधी आणि किती प्यायले ते खरं सांगा, डोस त्यावर ठरतो. वाटेत थरथर वाढली, फिट आली किंवा बडबडायला लागले तर ओपीडीच्या रांगेत थांबू नका, थेट अपघात विभागात जा.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून कारखान्यासाठी एक प्रमाणपत्र मागून घ्या. रात्रपाळी नको, आणि जमलं तर बॉयलर हाऊसऐवजी वर्कशॉपला काम. रात्रीची झोप तुटणं हे बायपोलरला सगळ्यात आधी उठवतं, आणि त्यांचं पहिलं दुखणं तिथूनच आलं होतं. ते पत्र हंगामाच्या तोंडावर देऊन चालायचं नाही, पाळ्या ठरायच्या आत, सप्टेंबरमध्येच लेबर ऑफिसरच्या हातात पडलं पाहिजे.

माहेरवाशीण_कराड

कागद करायला बसलो आहोत. वर्षं दादाच सांगतोय, वहिनी लिहितेय. पत्राचं मी लक्षात ठेवते, लेबर ऑफिसर मामांच्या ओळखीतले आहेत.